मध्यरात्रीची हाक

सन १८४४ चा आश्विन महिना. पेशवाई बुडून सव्वीस वर्षे झाली होती. मुंबईत भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ पत्र निघत होते आणि अमेरिकन मिशनऱ्यांनी दोनच वर्षांपूर्वी अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ सुरू केले होते. आपल्याकडे दसऱ्याची गडबड, आपट्याची पाने, सीमोल्लंघन हे सारे नेहमीप्रमाणे चालले होते. नेमक्या त्याच सुमारास, ज्या मुलखातून हे मिशनरी आले त्या अमेरिकेच्या ईशान्य भागात हजारो कुटुंबे दिवे लावून रात्रभर जागत बसली होती. कित्येकांच्या शेतांत पीक उभे होते, ते काढायचे नव्हते. दुकानांना कुलपे लागली होती, ती पुन्हा उघडायची नव्हती. देणी फेडून झाली होती. उद्याचा बेत कोणी योजला नव्हता, कारण उद्या नव्हताच. त्या दिवशी येशू ख्रिस्त मेघांवर आरूढ होऊन पृथ्वीवर परत येणार होता.

तो आला नाही, हे वाचकांना माहीतच आहे. नाही तर हा दिवाळी अंक निघाला नसता. त्या लोकांची पुष्कळ थट्टा झाली, आणि अजूनही होते. आपल्याकडे फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रही आली तेव्हा जग बुडणार म्हणून ठिकठिकाणी होमहवने झाली होती; ज्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवतात त्यांनी तरी परक्यांना फार हसू नये. मला स्वतःला त्या थट्टेपेक्षा निराळ्याच गोष्टीचे कुतूहल आहे. एखादा माणूस तोंडदेखला नव्हे, तर खरोखरीच आपल्या स्वामीच्या स्वागतासाठी सिद्ध होऊन राहतो, म्हणजे नेमके काय करतो? त्याचा सोमवार कसा जातो, त्याच्या शेतातल्या बटाट्यांचे काय होते, आणि ठरलेली वेळ टळून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोणत्या तोंडाने घराबाहेर पडतो?

ही वाट पाहणे ख्रिस्ती धर्माइतकेच जुने आहे. येशू आपल्या शिष्यांना सोडून गेला तो पुन्हा येण्याचे वचन देऊन, अशी त्यांची श्रद्धा. आरंभीच्या पिढीला तर तो आपल्या हयातीतच येईल असे वाटत होते. ग्रीसमधील थेस्सलनीका नगरात इसवी सन ५० च्या सुमारास अशी एक मंडळी होती. प्रभू आता येणारच, मग काम कशाला करायचे, असे म्हणून त्यांतले काही जण हात बांधून बसले आणि दुसऱ्याच्या घरी जेवू लागले. संत पौलाला पत्र लिहून त्यांची कानउघाडणी करावी लागली. जो हातपाय हलवायला तयार नाही त्याच्या पानात कोणी वाढू नये, असा त्या उपदेशाचा रोख होता. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरणारा गृहस्थ; त्याला ही आयती पंगत कशी खपावी? तात्पर्य, सिद्ध राहणे आणि रिकामे बसणे यांतला घोळ पहिल्याच शतकात होऊन गेला होता.

खुद्द येशूने या बाबतीत एक दृष्टांत दिला आहे, आणि तो दिव्यांच्या या दिवसांत सांगण्याजोगा आहे. लग्नघर आहे. दहा कुमारिका हाती दिवे घेऊन नवरदेवाला सामोऱ्या जायला निघाल्या आहेत. पाचजणींनी दिव्याबरोबर तेलाची कुपीही घेतली. पाचजणींनी नुसतेच दिवे घेतले. नवरदेवाला यायला उशीर झाला. (वऱ्हाडाचे घड्याळ तेव्हाही असेच चालत असावे!) सगळ्याजणी पेंगुळल्या आणि झोपी गेल्या. मध्यरात्री हाक आली, की नवरा आला, चला सामोऱ्या. ज्यांच्यापाशी तेल नव्हते त्या दुकानाकडे धावल्या, आणि परत येतात तो दार लागलेले. हा दृष्टांत वाचताना एक बारकावा बहुधा निसटतो. झोप दहाही जणींना लागली होती. शहाण्या मुली जागत बसल्या आणि वेड्या झोपल्या, असे त्यात मुळीच नाही. फरक होता तो तेलाचा, आणि तेल ही काही हाक आल्यावर जमवायची वस्तू नव्हे. शिवाय त्याच प्रवचनात येशूने स्पष्टच म्हटले आहे की तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही. एवढे सांगितलेले असताना लोकांनी दिवस कसा काढला, हीच तर पुढची हकीगत.

ती सांगण्यापूर्वी १७८० सालचा एक छोटासा प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांना मिळून न्यू इंग्लंड म्हणतात. इंग्लंडातून धर्मासाठी बाहेर पडलेल्या कडव्या प्युरिटनांनी वसवलेला हा भाग. घरोघरी बायबल, आणि तेही वाचून वाचून पाने सुटलेले. १९ मे १७८० या दिवशी तेथे भरदुपारी अंधार पडला. कोंबड्या खुराड्यात शिरल्या, पाखरे गप्प झाली, जेवणाच्या टेबलावर मेणबत्त्या लावाव्या लागल्या. कॅनडाकडच्या अरण्यांतील वणव्यांचा धूर त्या दिवशी ढगांत मिसळला होता, हे आता झाडांच्या खोडांतील जळक्या वलयांवरून ठरले आहे. पण त्या दिवशी ते कोणाला कसे कळावे? न्यायाचा दिवस उगवला, किंवा मावळला म्हणा, असेच लोकांना वाटले. कनेटिकट राज्याच्या विधिमंडळाची बैठक हार्टफर्ड येथे चालू होती. खालच्या सभागृहाने काम थांबवले. वरच्या सभागृहातही तहकुबीची सूचना आली, तेव्हा कर्नल एब्राहम डेव्हनपोर्ट नावाचे सभासद विरोध करायला उठले. त्यांच्या बोलण्याचा मतलब असा होता : न्यायाचा दिवस एक तर आला आहे किंवा आलेला नाही. आला नसेल तर तहकुबीचे कारण नाही. आला असेल तर मी माझ्या कामावर हजर असलेला सापडावा, अशी माझी इच्छा आहे. तेव्हा मेणबत्त्या मागवा.

मेणबत्त्या आल्या आणि सभेचे काम पुढे चालले. पुढे व्हिटियर कवीने या प्रसंगावर कविता केली, त्यामुळे तो तिकडच्या शाळकरी मुलांनाही परिचित झाला.

डेव्हनपोर्टसाहेबांनी मेणबत्त्या मागवल्या त्या वेळी विल्यम मिलर जन्मलाही नव्हता. १८४४ च्या साऱ्या प्रकरणाचा नायक हाच. १५ फेब्रुवारी १७८२ चा जन्म. सोळा भावंडांतला थोरला. वडील स्वातंत्र्ययुद्धातील शिपाई. न्यू यॉर्क राज्याच्या पूर्व टोकाला लो हॅम्प्टन नावाच्या खेड्यात यांची शेती. शाळा जेमतेम, पण वाचनाचे वेड दांडगे. तरुणपणी व्हॉल्तेअर, ह्यूम, टॉमस पेन असल्या मंडळींचे ग्रंथ हाती पडले आणि गडी पक्का बुद्धिवादी झाला. ईश्वर असेल, पण तो जगाचे घड्याळ किल्ली देऊन निघून गेलेला कारागीर. प्रार्थना ऐकायला तो काही दाराशी बसलेला नाही, असे त्याचे मत. १८१२ च्या इंग्रज-अमेरिकन युद्धात तो कप्तान होता. सप्टेंबर १८१४ मध्ये प्लॅट्सबर्ग येथे संख्येने कितीतरी मोठ्या इंग्रज फौजेला माघार घ्यावी लागलेली त्याने डोळ्यांनी पाहिली, आणि जगाच्या कारभारात कोणाचा तरी हात असला पाहिजे, ही शंका त्याच्या मनात शिरली. लढाईतून परतलेल्या माणसाला मरणाचा प्रश्नही सोडत नसतो. १८१६ साली तो पुन्हा श्रद्धावंत झाला.

बुद्धिवादी मित्रांनी अर्थातच विचारले, की बायबलातल्या विसंगतींचे काय? मिलरने उत्तर द्यायला मुदत मागितली, आणि पहिल्या ओळीपासून बायबल वाचायला घेतले. हाती फक्त एक शब्दसूची. एका वचनाचा उलगडा झाल्यावाचून दुसऱ्याकडे जायचे नाही. हिशेबी शेतकरी ज्या चिकाटीने खातेवही तपासतो तशी त्याने पवित्र शास्त्राची दोन वर्षे तपासणी केली. दानिएल संदेष्ट्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, २३०० दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल असे एक गूढ वचन आहे. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी, शुद्धी म्हणजे ख्रिस्ताचे पुनरागमन, आणि भविष्यवाणीतील एक दिवस म्हणजे एक वर्ष, असे मिलरने धरले. इराणच्या बादशहाने यरुशलेमबाबत काढलेल्या फर्मानाचे साल इसवी सनापूर्वी ४५७ धरून तेथून मोजायला सुरुवात केली. २३०० तून ४५७ वजा केले, उरले १८४३. हा हिशेब त्याने १८१८ साली केला. म्हणजे जगाला आणखी पंचवीस वर्षे!

या हिशेबातली एक चूक मागाहून ध्यानात आली. इसवी सनापूर्वीचे पहिले वर्ष संपले की लगेच इसवी सनाचे पहिले वर्ष सुरू होते. मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणून १८४३ च्या जागी १८४४ यायला हवे. शून्य ही आपल्या पूर्वजांची देणगी; ती त्या कालगणनेत नव्हती म्हणून बिचाऱ्यांची परीक्षा एक वर्ष लांबली.

मिलरची मला आवडणारी गोष्ट ही, की एवढा भयंकर निष्कर्ष हाती आल्यावर तो लगेच गावभर ओरडत सुटला नाही. तेरा वर्षे गप्प राहिला. पुन्हापुन्हा हिशेब तपासला. जगाला सांग, अशी आतली टोचणी असे, आणि मी अडाणी शेतकरी, मला बोलता येत नाही, ही सबब असे. अखेर ऑगस्ट १८३१ मध्ये एका शनिवारी त्याने देवाशी करार केला : कोणी आपण होऊन बोलावले तर जाईन. कोण बोलावणार, या भरवशावर तो निश्चिंत झाला. अर्ध्या तासात त्याचा भाचा घोड्यावरून दाराशी हजर! ड्रेस्डन गावी उद्या उपदेशक नाही, मामांनी येऊन बोलावे, असा बहिणीच्या घरचा निरोप. मिलर उत्तर न देता संतापून घरामागच्या मेपलच्या राईत गेला. धाकट्या मुलीने आईला जाऊन सांगितले, बाबांना काहीतरी झाले आहे. तासाभराने तो बाहेर आला तो उपदेशक होऊन, असे म्हणतात. त्या वेळी तो एकोणपन्नास वर्षांचा होता.

पुढची आठ वर्षे तो खेड्यापाड्यांतून बोलत हिंडला. १८३३ च्या नोव्हेंबरात एका रात्री आकाशातून उल्कांचा नुसता पाऊस पडला, त्यानेही लोकांची मने हलली. १८३७ साली अमेरिकेतल्या पेढ्या धडाधड बुडाल्या, धंदे बसले, आणि माणूस आपल्या बळावर जग सुधारील या उमेदीला तडा गेला. जमीन तयार होती. पेरणी केली ती जोशुआ हाइम्स या बॉस्टनच्या तरुण पाद्र्याने. १८३९ साली त्याची मिलरशी गाठ पडली. तुमचा हिशेब खरा असेल तर तुम्ही खेड्यांत काय करता, असे त्याने विचारले, आणि सारी सूत्रे हाती घेतली. १८४० मध्ये ‘साइन्स ऑफ द टाइम्स’ हे पत्र निघाले. १८४२ मध्ये न्यू यॉर्कला ‘मिडनाइट क्राय’ म्हणजे ‘मध्यरात्रीची हाक’ हे दुसरे पत्र निघाले. आरंभी काही आठवडे ते रोज दहा हजार प्रती काढी. चार हजार माणसे बसतील असा एक प्रचंड तंबू शिवून घेतला, तो गावोगाव उभारायचा. सोन्याच्या मस्तकाचा आणि लोखंडी पायांचा पुतळा, शिंगांची श्वापदे आणि बाजूला बेरजा-वजाबाक्या असा एक मोठा तक्ता छापला, तो उपदेशकाच्या मागे टांगायचा. चित्रकथीच तो! वाफेची छापयंत्रे नुकतीच रुळली होती, कालवे आणि आगगाड्या झाल्या होत्या. जगाचा शेवट सांगायला जगातली सगळ्यांत नवी साधने वापरली गेली, यातला विनोद त्या मंडळींच्या लक्षात आला असेल असे वाटत नाही. अनुयायी किती होते याचे अंदाज पन्नास हजारांपासून लाखापर्यंत जातात. देशाची वस्ती तेव्हा १ कोटी ७० लाखांच्या आसपास होती.

मिलरने स्वतः नेमका दिवस कधी काढला नव्हता. २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ या यहुदी वर्षात केव्हातरी, एवढेच तो म्हणे. ते वर्ष सरले. लोक खट्टू झाले, पण मोडले नाहीत. दृष्टांतात नवरदेवाला उशीर होतोच की! आता आपण त्या उशिराच्या घटकेत आहोत, असे त्यांनी मनाला समजावले. तोच ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशर राज्यातल्या एक्सेटर गावी रानात तंबू ठोकून मोठी सभा भरली असता सॅम्युएल स्नो नावाच्या उपदेशकाने नवी मांडणी केली. यहुदी सणांत प्रायश्चित्ताचा दिवस सातव्या महिन्याच्या दहाव्या तिथीला येतो. येशूचा वधस्तंभ वसंतातल्या वल्हांडण सणाला घडला, तर त्याचे पुनरागमन शरदातल्या या सणाला घडले पाहिजे. यहुद्यांची पंचांगे दोन. रूढ पंचांगाप्रमाणे तो दिवस २३ सप्टेंबरला येत होता. कराइत पंथाच्या जुन्या गणनेप्रमाणे २२ ऑक्टोबरला. स्नोने दुसरा घेतला.

येथे आपल्याला मौज वाटते ती अशी, की ही महिने मोजण्याची रीत आपल्या पंचांगाच्या फार जवळची आहे. महिने चांद्र, ऋतूंशी मेळ राहावा म्हणून मध्येच अधिक महिना, आणि आरंभ वसंतात. चैत्रापासून सातवा महिना आश्विन. त्याची शुद्ध दशमी म्हणजे आपला दसरा! एखाद्या दिवसाचा फरक धरला तरी एकाच चंद्राखाली आपण शमीपूजन करीत होतो आणि ते अंतिम न्यायाची वाट पाहत होते.

मिलर आणि हाइम्स यांना ही तारीख प्रथम पटली नव्हती. पण साथ पसरावी तशी ती लोकांत पसरली, पुढाऱ्यांना न विचारता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिलरनेही मान तुकवली. आता उरले होते दोन-अडीच आठवडे.

या दोन-अडीच आठवड्यांसाठीच मी ही सारी हकीगत सांगायला घेतली. लोकांनी काय केले? प्रथम देणी फेडली. ज्याने पूर्वी लबाडीने पैसे घेतले होते त्याने ते परत नेऊन दिले. भावाभावांतली, शेजाऱ्यापाजाऱ्यांतली वर्षानुवर्षांची भांडणे मिटली. ज्याच्याशी बोलणे टाकले होते त्याच्या दारी जाऊन क्षमा मागितली. फिलाडेल्फियात एका शिंप्याने दुकानाच्या दारावर पाटी लावली, की राजाधिराज येत आहे, त्याच्या सन्मानार्थ दुकान बंद. छापखाने रात्रंदिवस चालले आणि मग थांबले. चार्ल्स फिच हा त्यांचा एक आवडता उपदेशक बफलो शहरी बोचऱ्या वाऱ्यात सरोवरात उभा राहून एकामागून एक लोकांना बाप्तिस्मा देत होता. त्याला ताप भरला आणि १४ ऑक्टोबरला तो गेला. वय अवघे एकोणचाळीस. त्याच्या बायकोपोरांच्या समजुतीने हा वियोग फक्त आठ दिवसांचा होता. पुढे तो किती वर्षांचा झाला याचा विचार मनात आला की थट्टा करणाऱ्यांची तोंडे बंद व्हावीत.

आता त्या पांढऱ्या झग्यांविषयी. मिलरपंथीय स्वर्गारोहणाचे शुभ्र झगे शिवून टेकड्यांवर, झाडांवर, घरांच्या छपरांवर चढून बसले होते, कोणी पंख बांधून उडी मारली, कितीजण वेडे झाले, अशा गोष्टी अमेरिकेत शंभर वर्षे चवीने सांगितल्या गेल्या. १९२४ साली क्लारा एंडिकॉट सिअर्स या बाईंनी वृद्धांकडून ऐकीव आठवणी जमवून त्यांचे पुस्तकच केले. पुढे १९४४ साली फ्रान्सिस निकोल याने मूळ कागदपत्रे चाळून दाखवले की झग्यांना विश्वसनीय पुरावा नाही. निकोल त्या परंपरेतलाच, म्हणून त्याच्या साक्षीकडे मी जरा सावधपणेच पाहिले असते. परंतु ज्यांचा त्या पंथाशी संबंध नाही असे इतिहासकारही आता बहुतांशी त्याच्याच बाजूचे आहेत. माझा तर्क असा, की झग्याची गोष्ट लोकांना हवी होती. शेजारच्याने झगा घातला तर हसता येते. तोच शेजारी वीस वर्षांपूर्वीचे देणे घेऊन दारात उभा राहिला तर हसावे कसे?

पण कौतुक करताना दुसरी बाजू लपवू नये. देणे फेडणे वेगळे आणि पीक सोडून देणे वेगळे. ज्या कुटुंबात लहान मुले आहेत, पुढे न्यू इंग्लंडचा बर्फाळ हिवाळा आहे, तेथे बापाने मका शेतात कुजू देणे याला मी श्रद्धा म्हणायला तयार नाही, निदान पौलाने म्हटली नसती. सगळ्यांनी तसे केले नाही हेही खरे. मात्र ज्यांनी केले त्यांना शेवटी इतरांच्या दयेवर राहावे लागले, आणि दुसऱ्याच आठवड्यात हाइम्सला आपल्या मंडळींकडे गरजूंसाठी मदत मागावी लागली. डेव्हनपोर्ट असता तर त्याने कंदील मागवून बटाटे खणले असते.

बटाट्यांवरून आठवले. न्यू हॅम्पशरमध्ये न्यू इप्सविच येथे लेनर्ड हेस्टिंग्ज नावाच्या शेतकऱ्याने बटाटे जमिनीतच ठेवले होते. माझे शेतच माझा उपदेश करील, असे तो म्हणे. त्या शरदात त्या भागात बटाट्यावर कीड पडली आणि ज्यांनी वेळेवर खणून कोठारात भरले त्यांचा माल सडला. हेस्टिंग्जने नोव्हेंबरात खणले, ते धडधाकट निघाले, आणि बियाण्यासाठी वसंतात चढ्या भावाने गेले, असे त्याच्या परंपरेतले लोक सांगतात. गोष्ट गोड आहे. मला मात्र ती वाचताना त्याच्या त्या नोव्हेंबरातल्या पहिल्या कुदळीचा विचार येतो. ज्या जमिनीला पुन्हा हात लावायचा नव्हता तिच्यात माणूस कुदळ घालतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालत असेल?

२२ ऑक्टोबरला मंगळवार होता. पोर्ट गिब्सन गावाजवळ हायरम एडसन या शेतकऱ्याच्या घरी मंडळी जमली होती. दिवस मावळला. घड्याळात बारा वाजले. मध्यरात्र झाली, पण हाक आली नाही. एडसनने पुढे लिहून ठेवले आहे, की आम्ही उजाडेपर्यंत रडत राहिलो. सगळ्या आशा कोसळल्या. देव तरी आहे का, स्वर्ग तरी आहे का, अशी शंका मनाला चाटून गेली. बुधवारी सकाळी काहीजण धान्याच्या कोठारात जाऊन प्रार्थना करीत बसले, आणि मग एडसन एका सोबत्यासह इतर दुःखितांचे समाधान करायला निघाला. रस्त्याने गेले तर लोक टोमणे मारतील म्हणून दोघे मक्याच्या शेतातून आडवाटेने गेले. गावोगाव पोरे विचारीत, अजून वर गेला नाहीत का? काही ठिकाणी त्यांच्या सभांवर जमाव चालून गेले. जगाचा शेवट सोसायला निघालेल्या माणसांना जग चालूच राहिलेले सोसावे लागले, आणि हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

त्यानंतर फाटाफूट झाली. कित्येकांनी धर्मच सोडला. कित्येक मुकाट्याने जुन्या मंडळ्यांत परतले. काहींनी नव्या तारखा काढल्या. मक्याच्या शेतात एडसनच्या मनात आले की तारीख बरोबर होती, घटना मात्र पृथ्वीवर न घडता स्वर्गात घडली. या विचाराभोवती एक लहानसा गट जमला. पोर्टलंडची सतरा वर्षांची एलन हार्मन, बालपणी दगड लागून प्रकृतीने खचलेली मुलगी, त्यांची द्रष्टी बनली. लग्नानंतरच्या एलन व्हाइट या नावाने तिचे ग्रंथ जगभर गेले. हा गट शनिवार पाळू लागला आणि १८६३ साली सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या नावाने रीतसर पंथ झाला. मौज पाहा : जे लोक उद्याचा स्वयंपाकही योजायला तयार नव्हते त्यांच्या वारसांनी शाळा, इस्पितळे, छापखाने काढले आणि आहारशास्त्राचा ध्यास घेतला. सकाळी आपल्या मुलांच्या वाटीत दुधाबरोबर पडणारे कॉर्नफ्लेक्स हे बॅटल क्रीक येथील त्यांच्याच आरोग्यधामात डॉ. जॉन केलॉग आणि त्याचा भाऊ यांच्या हातून निपजले. तारीख काढायचे त्यांनी कायमचे सोडले. त्यांची संख्या आज दोन कोटींवर आहे, आणि पुणेकरांना तर ही मंडळी शेजारची आहेत. सॅलिसबरी पार्कातला त्यांचा छापखाना जुना, आणि स्पायसर कॉलेज १९४२ मध्ये पुण्यास आले, त्याचे २०१४ साली विद्यापीठ झाले. त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की या पाट्यांचे मूळ मक्याच्या एका शेतात आहे!

मिलर या नव्या गटात गेला नाही. हिशेबात चुकलो, हे त्याने १८४५ साली छापून कबूल केले. येण्यावरचा विश्वास मात्र सोडला नाही. त्याच्या गावच्या बाप्टिस्ट मंडळीने त्याला काढून टाकले. निराशेला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, नोव्हेंबरच्या दहा तारखेस, त्याने हाइम्सला एक पत्र लिहिले. त्यात तो म्हणतो, की मी आता नवी वेळ ठरवली आहे. ती म्हणजे आज, आणि पुन्हा आज, तो येईपर्यंत रोज आज. हिशेबाच्या वह्यांत तेरा वर्षे आणि प्रवचनांत तेरा वर्षे घालवलेल्या या शेतकऱ्याला तेलाच्या कुपीचा अर्थ त्या पत्रात सापडला, असे मला वाटते. विद्वान कदाचित म्हणतील की हरलेल्या माणसाने काढलेली ही पळवाट. म्हणोत बापडे.

१८४८ साली त्याने घराजवळ एक लहानसे प्रार्थनामंदिर बांधले, कारण जुन्या मंदिरात त्याला जागा उरली नव्हती. तोवर त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती; बायबल दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. २० डिसेंबर १८४९ रोजी तो वारला. लो हॅम्प्टनला ते घर, ते मंदिर आणि ती मेपलची राई आजही जपून ठेवली आहे. मंदिरामागे एक सपाट खडक आहे. त्या मंगळवारी गावची मंडळी त्यावर उभी राहून पूर्वेकडे पाहत होती, असे तिथे सांगतात.